तीन वाटा आणि एक गोळी

रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. एवढ्या उशिरा नाशिकहून भाच्याचा फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळा आला. पण पलीकडचा आवाज घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता.

"मामा, मी त्या पोरावर फक्त एक गोळी झाडली रे. एकच! आणि सगळी आकाशगंगाच संपली."

मी अंथरुणात उठून बसलो. तो कुठे पोचलाय हे लगेच कळलं. गेले तीन महिने रोज रात्री अभ्यास आटोपून (असं तो म्हणतो) तो 'मास इफेक्ट' ही तीन भागांची गेम-मालिका खेळत होता. आज शेवटच्या दहा मिनिटांत येऊन आपटला होता. २०१२ साली मीही तिथेच आपटलो होतो. मी गोळी झाडली नव्हती एवढाच फरक.

त्या रात्री फोनवर त्याला जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे जरा नीट सांगतो. शेवट न आवडणं ही एक गोष्ट झाली, आणि तो असाच का झाला हे न कळणं ही दुसरी. पहिलीला माझ्याकडे औषध नाही, दुसरीला थोडंफार आहे. ज्यांना हा गेम पुढेमागे खेळायचाय त्यांनी मात्र इथेच पान उलटावं. पुढे सगळा शेवट फोडलेला आहे.

ही मालिका बायोवेअरची. कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९५ साली निघालेली कंपनी. ती काढणाऱ्यांतले रे मुझिका आणि ग्रेग झेशुक हे शिक्षणाने डॉक्टर, तेही खरे, वैद्यकीचे. 'मास इफेक्ट'चा पहिला भाग २००७ च्या नोव्हेंबरात आला, दुसरा २०१० च्या जानेवारीत आणि तिसरा २०१२ च्या मार्चमध्ये. तिन्ही भागांचे दिग्दर्शक केसी हडसन. गोष्ट अशी, की रीपर नावाची अजस्र यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येतात आणि आकाशगंगेतल्या सगळ्या पुढारलेल्या जाती कापून नेतात, उभं पीक कापावं तशी. या वेळी ती येणार हे एकालाच पटलेलं आहे, तो म्हणजे नॉर्मंडी या यानाचा कप्तान शेपर्ड. तो पुरुष की बाई हे तुम्ही ठरवायचं. माझा शेपर्ड पुरुष होता, भाच्याची शेपर्ड बाई आहे.

खेळात गोळीबार भरपूर आहे, पण लोक अडकले ते बोलण्यात. समोरचं पात्र बोलायचं थांबलं की पडद्यावर एक चक्र उमटतं. त्यात उत्तरांचे चारसहा तुकडे असतात. वरचे बहुतेक समजुतीचे, खालचे फटकळ. तुम्ही तुकडा निवडायचा, पूर्ण वाक्य शेपर्ड बोलतो. पुरुष शेपर्डला मार्क मीअर यांचा आवाज आहे, बाई शेपर्डला जेनिफर हेल यांचा. कधी कधी तुकडा वाचून वाटलं होतं त्याहून भलतंच बोलून शेपर्ड मोकळा होतो, आणि लग्नाच्या बैठकीत काका बोलून गेल्यावर व्हावं तसं आपलं होतं. समजुतीने वागलात की निळ्या खात्यात गुण जमा, दांडगाईने वागलात की लाल खात्यात. हे दोन रंग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

आता मुख्य यंत्रणेकडे येऊ. पहिला भाग संपला की तुमच्याकडे एक सेव्ह फाइल उरते. दुसरा भाग सुरू करताना ती त्याला दाखवायची. ही फाइल म्हणजे सातबारा समजा. त्यात तुमची गोष्ट नसते, नोंदी असतात. अमका जिवंत, तमका मेला, अमकीचा जीव वाचवला, तमक्याला दिलेला शब्द पाळला नाही. एकेक नोंद म्हणजे हो किंवा नाही. दुसरा भाग हा उतारा वाचतो, त्यात आपले फेरफार चढवतो आणि तिसऱ्याच्या हाती देतो. तुम्ही २००७ मध्ये ज्याच्यावर दया केली तो २०१२ मध्ये गर्दीतून येऊन हात पुढे करतो, तेव्हा अंगावर काटा येतो. आत घडलेलं असतं इतकंच, की एका रकान्यात शून्याऐवजी एक होता.

पण या रकान्यांचं गणित फार निर्दयी आहे. एका निवडीच्या दोन वाटा होतात. प्रत्येक वाट खरोखर वेगळी लिहायची म्हटली तर दहा निवडींच्या १,०२४ वाटा होतात, वीस निवडींच्या १०,४८,५७६. प्रत्येक वाटेला संवाद लिहा, आवाज भरा, चेहरे हलवा. जगातली कुठलीच कंपनी हे करू शकत नाही. म्हणून असे गेम बांधणारे ओढ्याची युक्ती करतात. मध्ये खडक आला की ओढा दोन बाजूंनी वाहतो आणि खडकापलीकडे पुन्हा एक होतो. वळसा खरा असतो, पण पोचायची जागा तीच.

त्यातली सगळ्यात जुनी हातचलाखी म्हणजे खुर्ची तीच ठेवून बसणारा बदलायचा. आपल्या नाटकवाल्यांना हे नवं नाही. नट आजारी पडला की बदली नट उभा राहतो आणि प्रयोग होतो. पहिल्या भागात व्हर्मायर या ग्रहावर तुमचा क्रोगन साथी रेक्स तुमच्यावर बंदूक रोखतो. समजूत घालता आली नाही तर तो तिथेच मरतो. मग तिसऱ्या भागात त्याच्या खुर्चीवर त्याचा भाऊ रीव्ह येऊन बसतो. दुसऱ्या भागात शास्त्रज्ञ मॉर्डिन गेला असेल तर त्याच्या जागी पॅडॉक विक्स. आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेवर तुम्ही शेपर्डचे जुने वरिष्ठ अँडरसन यांना बसवलं असलं तरी तिसऱ्या भागात त्या जागी राजकारणी उडीनाच भेटतो, दोन वाक्यांत खुलासा देऊन विषय संपवला जातो. ही शेवटची चलाखी मला आजही खटकते. बाकीच्या खपून गेल्या, कारण बदली नट कधी कधी खरोखर वेगळं नाटक करून जातो.

टुचांका ग्रहावरचा प्रसंगच घ्या. क्रोगन जातीची पैदास रोखण्यासाठी फार पूर्वी तिच्यावर एक रोग सोडलेला आहे, जेनोफेज. तिसऱ्या भागात त्यावरचा उपाय आकाशात पसरवायचा असतो, आणि त्यासाठी मॉर्डिनला कोसळत्या मनोऱ्यात वर जावं लागतं. तो परत येत नाही. अनेकांना मालिकेतला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो, मलाही. पण समजा तुमच्या गोष्टीत रेक्स आधीच मेलेला आहे आणि क्रोगनांचा पुढारी रीव्ह आहे. रीव्ह सूडाने पेटलेला. शिवाय दुसऱ्या भागात मेलॉन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांची माहिती तुम्ही नष्ट केली असेल, तर ज्या क्रोगन बाईवर साऱ्या जातीची आशा आहे ती वाचत नाही. अशा वेळी मॉर्डिनची समजूत घालता येते की बाबा रे, यांना बरं करू नकोस. तो ऐकतो, जगतो. म्हणजे वेगळ्या वेळी झालेल्या दोन चुका एकत्र आल्या, तरच तुमचा मित्र वाचतो. सातबाऱ्यावरच्या दोन क्षुल्लक नोंदींचा असा जमाखर्च ज्याने मांडला त्याला मनातल्या मनात दंडवत घालावासा वाटतो.

रॅनॉकचा प्रसंगही याच जातीचा. क्वेरियन लोकांनी गेथ नावाचे यंत्रमानव बनवले, ते शहाणे झाले, युद्ध पेटलं आणि क्वेरियनांना तीनशे वर्षं बेघर भटकावं लागलं. तिसऱ्या भागात दोघे समोरासमोर येतात. बहुतेकांना एकच जात वाचवता येते. पण टाली आणि लीजन हे दोन्हीकडचे तुमचे साथी जिवंत असले, टालीवरच्या खटल्यात तुम्ही तिची बाजू नीट मांडली असली, त्या दोघांतलं भांडण मिटवलं असलं, अशा बऱ्याच नोंदी जुळल्या असल्या, तर एक तिसरा पर्याय उघडतो. तह. घडवलेलं यंत्र आणि त्याला घडवणारा एका जमिनीवर नांदायला लागतात.

भाच्याने हा तह घडवून आणला होता. दोन दिवस तो घरात मान वर करून फिरत होता म्हणे.

आणि मग शेवट येतो. शेवटच्या लढाईत लंडनच्या ढिगाऱ्यांतून शेपर्ड जखमी अवस्थेत वर अवकाशतळावर पोचतो. तिथे एक प्रकाशाचा मुलगा उभा असतो. गेमच्या सुरुवातीला व्हँकूव्हरमध्ये शेपर्डच्या डोळ्यांदेखत जो मुलगा मरतो, त्याचं रूप या अतिप्राचीन यंत्रबुद्धीने घेतलेलं आहे. तो सांगतो: घडवलेली यंत्रं घडवणाऱ्यांवर उलटतातच. ती सगळ्यांचा नायनाट करण्याआधी आम्ही येऊन पीक कापतो, म्हणजे नवी रोपं तरी वाढतात. आता तुला तीन वाटा आहेत. उजवीकडे लाल: रीपर नष्ट कर, पण त्यांच्याबरोबर गेथ आणि तुझ्या यानावरची एडी, सगळी विचार करणारी यंत्रं जातील. डावीकडे निळी: रीपरांचा ताबा घे, तुझा देह जाईल. मधली हिरवी: उडी मार, सगळं जिवंत आणि सगळं यांत्रिक एकमेकांत मिसळून जाईल.

चमत्कारिक गोष्ट म्हणजे इथे रंगांची अदलाबदल झालेली आहे. तिन्ही भाग निळा म्हणजे सज्जन, लाल म्हणजे दांडगा. इथे मात्र ताबा घेण्याची वाट निळी, जी खलनायक इल्यूझिव्ह मॅनची इच्छा होती. आणि नष्ट करण्याची वाट लाल, जी भल्या अँडरसनची होती. हा घोळ की मुद्दाम ठेवलेला सापळा, यावर लोकांनी रात्री जागवल्या.

मार्च २०१२ मध्ये यानंतर फार तर पाच मिनिटांची चित्रफीत यायची. निवडलेल्या रंगाचा स्फोट, प्रवासाची महाद्वारं असलेले मास रिले फुटतात, नॉर्मंडी कुठल्याशा जंगलात कोसळते आणि दार उघडून तुमचे साथी बाहेर येतात. मग बर्फातला एक आजोबा नातवाला शेपर्डची गोष्ट सांगतो. या आजोबांना आवाज दिलाय चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी, हे मला फार नंतर कळलं. तिन्ही फिती शेजारी ठेवल्या तर फरक मुख्यतः रंगाचा. शिवाय चौकस खेळाडूंना प्रश्न पडले. २०११ मध्ये आलेल्या 'अरायव्हल' या पूरक भागात एक रिले फुटल्यावर अख्खी सूर्यमाला जळाली होती, तीन लाखांवर जीव गेले होते. मग आता सगळेच रिले फुटले, तर वाचलं कोण? आणि मघाशी लंडनमध्ये शेजारी लढणारा साथी गॅरस नॉर्मंडीवर चढला कधी?

मग पाच वर्षांच्या नोंदी गेल्या कुठे? त्या एका बेरजेत गेल्या. तिसऱ्या भागात तुमच्या प्रत्येक कामाला आकडा मिळतो आणि त्यातून युद्धशक्ती मोजली जाते. दुसऱ्या भागाच्या शेवटी कलेक्टर नावाच्या शत्रूंचा तळ उडवायचा की राखायचा यावर साथीदारांशी कडाक्याचं भांडण होतं. तिसऱ्या भागात त्याचं फळ काय? उडवला तर रीपरचं हृदय हाती लागतं, १०० गुण. राखला तर रीपरचा मेंदू, ११० गुण. तुमची शक्ती फारच तुटपुंजी असेल तर कुठली वाट उघडी राहते तेही त्यावर ठरतं, पण इतकं ढिसाळ खेळून शेवटाला पोचणारे थोडेच. बाकीच्यांसाठी तत्त्वाच्या त्या सगळ्या भांडणाची किंमत दहा गुण. त्यातही ऑनलाइन सामूहिक खेळ खेळला नाही तर बेरजेचे निम्मेच धरले जात, पन्नास टक्के.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे फसवलंच की." तेव्हाही असंच म्हटलं गेलं. गेम यायच्या आधी हडसन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की शेवट अ, ब, क अशा पर्यायांचा नसेल. त्यामुळे तीन रंगांनी लोक जास्तच भडकले. कोणी शेवट बदलून मागण्यासाठी मोहीम काढली आणि तिच्या नावाने आजारी मुलांसाठीच्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास देणगी गोळा झाली. शेवटी संस्थेनेच हे थांबवा म्हणून सांगितलं. कोणी एडमंटनच्या कचेरीत सुमारे चारशे कपकेक पाठवले: लाल, निळ्या, हिरव्या रंगांचे, चव मात्र सगळ्यांची एकच. निषेधाचा इतका गोड आणि इतका नेमका प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. ब्रिटनमध्ये जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली, तिचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तिन्ही वाटा अर्थाने वेगळ्या आहेत, एवढं नियामकाला पुरलं.

मुझिका यांनी मार्चमध्येच खेळाडूंना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं, आणि २६ जून २०१२ ला 'एक्सटेंडेड कट' फुकटात आला. शेवट बदलला नाही, उकलून दाखवला. रिले आता फुटण्याऐवजी मोडकळीला येतात, दुरुस्त करता येतात. साथीदार नॉर्मंडीवर कसे चढले तो प्रसंग घातला. कोणाचं पुढे काय झालं याची चित्रं एकामागून एक येतात आणि तुमच्या नोंदींप्रमाणे बदलतात. आणि एक चौथी वाट घातली.

मूळ गेममध्ये खूप जणांनी वैतागून त्या मुलावर गोळ्या झाडल्या होत्या. काहीच व्हायचं नाही, गोळी आरपार जायची. नव्या आवृत्तीत त्याला तुम्ही तोंडाने नकार देऊ शकता, आणि गोळी झाडलीत तर तोही नकारच धरला जातो. मुलाचा आवाज घोगरा होतो, दिवे विझतात, रीपर कापणी पुरी करतात. पुढच्या युगातल्या कोणाला तरी शेपर्डची साथीदार लिआरा हिने पुरून ठेवलेली माहिती सापडते आणि ते लोक जिंकतात. आपण नाही. २०२१ च्या मे महिन्यात आलेल्या 'लेजंडरी एडिशन'मध्ये हे सगळं आधीपासूनच घातलेलं आहे. भाचा तीच आवृत्ती खेळत होता. त्याला कोण सांगणार होतं?

इतकं समजावल्यावरही तो गप्पच. मग म्हणाला, "तसं नाही रे मामा. गोळी झाडली कारण तो पोरगा म्हणतो यंत्रं उलटतातच. अरे, मी तह केला होता ना! त्याला ते सांगायचं बटणच नाहीये."

आणि हे मला पूर्ण पटलं. रंगांची तक्रार वरवरची आहे, खरी ठेच इथे लागते. मालिकेने आपल्याला पाच वर्षं एकच सवय लावली, की समोरच्याचं म्हणणं खोडता येतं, फक्त आधी योग्य ती कामं केलेली हवीत. रेक्सची समजूत घालता आली, गेथांचा तह झाला. सगळ्यात मोठ्या वादात मात्र सातबारा घेऊन तुम्ही कचेरीत उभे, आणि कारकून म्हणतो, तो इथे चालत नाही.

तरी मी त्याला एक गोष्ट दाखवली, जी मला स्वतःला दिसायला बरीच वर्षं लागली. लाल वाटेवर गेथ मरतात. ज्याच्या गोष्टीत गेथ रॅनॉकवरच संपले होते, त्याला ही वाट सोपी आहे. ज्याने तह घडवला त्याला लाल नळीवर गोळी झाडताना हात जड होतो. पडद्यावरची फीत दोघांना जवळपास सारखीच दिसेल. ओढा एकाच जागी आलेला आहे, पण कोण किती वळसे घालून आला हे खेळणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. बायोवेअरने हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर त्या मुलाशी वाद घालायची दोन वाक्यं तरी लिहिली असती.

काहींनी मनाची समजूत वेगळ्या पद्धतीने घातली. रीपरांच्या सान्निध्यात राहिलेल्यांची मनं हळूहळू ताब्यात जातात, हे मालिकेत पहिल्या भागापासून सांगितलेलं. मग शेवटचा सगळा प्रसंग शेपर्डच्या डोक्यातच घडतोय आणि रंगांची अदलाबदल हा त्याचा पुरावा, अशी मांडणी खेळाडूंनी केली. पुरेशी युद्धशक्ती जमवून लाल वाट घेतली तर ढिगाऱ्यात एक चिलखतातलं शरीर श्वास घेताना दिसतं, त्याचाही आधार घेतला. मला ती पटत नाही, पण शेवट दुरुस्त करण्यासाठी लोकांनी गेमच्याच मालमसाल्यातून इतकं पक्कं बांधकाम केलं याचं कौतुक वाटतं. कंपनीने स्वतः आणखी सोपा मार्ग धरला. २०१७ चा 'अँड्रॉमेडा' दुसऱ्याच आकाशगंगेत घडतो आणि त्यातली माणसं तिसऱ्या भागाच्या आधीच निघून गेलेली. चार शेवटांपैकी खरा कोणता, हा प्रश्नच आला नाही.

निरोपाचा खरा भाग वेगळाच आहे. मार्च २०१३ मध्ये 'सिटाडेल' नावाचा पूरक भाग आला, या तीन भागांसाठीचा शेवटचा. त्यात अँडरसनच्या घरी मेजवानी असते. जे जे जिवंत आहेत ते येतात, पितात, एकमेकांची उणीदुणी काढतात. सकाळी कोणी सोफ्यावर, कोणी जमिनीवर आडवं पडलेलं असतं. सगळे एका फोटोसाठी दाटीवाटीने उभे राहतात. त्या फोटोत कोण आहे आणि कोण नाही हे सर्वस्वी तुमच्या सातबाऱ्यावर. इथे कसलाही ओढा पुन्हा एक व्हायचा नसतो. कथेच्या क्रमाने ही मेजवानी लंडनच्या आधी येते, म्हणून घाईत असलेले ती ओलांडून पुढे जातात.

"तू मेजवानी केलीस का?" मी विचारलं.

"नाही. म्हटलं आधी युद्ध संपवू."

"मग जुना सेव्ह काढ. लंडनच्या आधीचा."

तिकडे थोडा वेळ बटणांची टकटक ऐकू आली. बहिणीचा आवाजही आला, दिवा बंद करण्याविषयी. मग तो कुजबुजला, "आहे. टाली, गॅरस, रेक्स, सगळे बोलावले तर येतील ना?"

"जिवंत असतील ते येतील."

"कायडन नाही येणार मग," तो म्हणाला. "त्याला मी व्हर्मायरवर सोडला होता. तिथे दोघांतलं एकच वाचवता येतं ना. ॲशली आहे."

मी काही बोललो नाही. माझ्या फोटोत ॲशली नाही.